नवे प्लग पॉइंट टाकूनही स्पीकरमधली घूं परत का येते

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. अॅम्प्लिफायर चालू आहे, कॉम्प्युटरवर गाणं लावलेलं नाही, तरी स्पीकरमधून जाड, एकसुरी ‘घूं’ येते. आवाज वाढवला की तीही वाढते. कॉम्प्युटरकडून येणारी वायर काढली की एकदम शांत. पावसाळ्यात ती दबते, शिमगा झाला की पुन्हा डोकं काढते, आणि वळीव दोन-चार वेळा चांगला पडेपर्यंत जात नाही. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरी हे तीन उन्हाळे चाललं. मधल्या काळात आम्ही दोनदा नवे पॉइंट टाकले, आणि दुसऱ्यांदा टाकल्यावर ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

इतकी बारीक घूं, तिचं एवढं काय, असं पुष्कळांनी विचारलं. आमच्याकडं गाणं ऐकतात ते आप्पा. सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व म्हणजे त्यांना घरचेच. कुमारांचे तानपुरे किती निगुतीनं लावलेले असत, हे ज्यांनी कान देऊन ऐकलंय त्यांना माझं म्हणणं पटेल. आपली वीज ५० हर्ट्‌झची, आणि घूंमध्ये तिच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्‌झचा सूरही असतो. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज साधारण १३८.६ हर्ट्‌झ धरला, तर त्याचा मंद्र पंचम येतो १०४ च्या आसपास. म्हणजे काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या पहिल्या तारेला खेटूनच हा उतरलेला सूर उभा राहतो आणि सेकंदाला चार हेलकावे देतो. आलाप सुरू व्हायच्या आधीच्या त्या दोन मिनिटांत आप्पा डोळे उघडून स्पीकरकडं बघायचे. मला ते बघवत नव्हतं. सिनेमाची गाणी लावणाऱ्याला ही घूं कदाचित वर्षानुवर्षं कळणारही नाही.

वडगाव-खासबागेत असलं काही झालं की पहिलं बोट यंत्रमागांकडं जातं. शेजारी माग चालू, त्यांच्या मोटरी त्याच ट्रान्सफॉर्मरवर, मग आवाज येणारच! आम्हीही तेच धरून चाललो होतो. एकदा रात्री एक वाजता उठून ऐकलं. सगळे माग बंद, गल्लीत कुत्रंही नाही, आणि घूं जशीच्या तशी. तेव्हा कळलं की रोग घरातच आहे.

सगळ्यात आधी एक फुकटची तपासणी करा. ती आम्ही पहिल्या वर्षी केली असती तर पुढचा सगळा खर्च वाचला असता. अॅम्प्लिफायर बंद करा. तीन पिनांचा, अर्थची वायर असलेला एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि गाण्याशी संबंधित सगळ्या वस्तू, म्हणजे अॅम्प्लिफायर, कॉम्प्युटर, टीव्ही, सबवूफर, त्या एकाच बोर्डावर आणा. तो बोर्ड भिंतीतल्या एकाच पॉइंटला लावा. मग अॅम्प्लिफायर सुरू करून ऐका. घूं गेली किंवा एकदम पडली, तर यंत्रं चांगली आहेत. ती वेगवेगळ्या पॉइंटवर आहेत हाच दोष. गेली नाही, तर एकेक वस्तू सोडवत जा. केबल टीव्हीची वायर टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या मागून काढून बघायला विसरू नका. तीही बाहेरून स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन घरात येते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. वायरी काढता-लावताना दर वेळी अॅम्प्लिफायर बंद ठेवा, नाहीतर एका झटक्यात स्पीकरचा कोन जाईल.

आमच्याकडं एका बोर्डावर आणताच घूं जवळजवळ संपली. आता आमच्या घराची रचना सांगतो, कारण बेळगाव भागातल्या पुष्कळ घरांची ती तशीच आहे. पुढचा सोपा (बाहेरची खोली) जुना, जांभ्याच्या जाड भिंतींचा. मागं नंतर बांधलेली खोली आणि तिच्यावर माडी. जुन्या वायरिंगचं अर्थिंग परसातल्या जुन्या खड्ड्यात, जेमतेम चार फूट खोल. कॉम्प्युटर आणि टीव्ही सोप्यातल्या जुन्या बोर्डावर. अॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीला, कारण स्पीकर तिथंच नीट वाजतात. पहिल्यांदा त्या भिंतीला पॉइंट टाकला तो जवळच्या पंख्या-दिव्याच्या बोर्डातून फाटा काढून. दुसऱ्या वेळी वायरमन म्हणाला, “मामा, ऑडिओला अर्थिंग निराळंच पायजे. ह्या जुन्यात सगळ्या घराची घाण हाय.” ऐकायला हे अगदी पटतं. आम्ही नवा खड्डा काढला, दहा फुटांचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप पुरला, कोळसा-मीठ भरलं आणि त्याची हिरवी वायर फक्त अॅम्प्लिफायरच्या पॉइंटला दिली. जुन्या अर्थिंगशी तिचा काही संबंध ठेवला नाही. त्याच उन्हाळ्यात घूं पूर्वीपेक्षा मोठी झाली.

का झाली ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘ऑडिओला वेगळं अर्थिंग’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो.

घरातल्या प्रत्येक मोटरीतून, प्रत्येक चार्जरमधून थोडा करंट अर्थच्या वायरीत गळतो. तो जुन्या खड्ड्यातून जमिनीत जातो. कॉम्प्युटरची बॉडी जुन्या अर्थिंगला जोडलेली, अॅम्प्लिफायरची नव्याला, आणि दोघांच्या मध्ये सिग्नलची वायर. त्या वायरीत आत सिग्नलची तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. ही जाळी दोन्ही बॉड्यांना जोडलेली असते. म्हणजे दोन खड्डे जमिनीतून नव्हे, तर या जाळीतून एकमेकांना जोडले गेले. उन्हाळ्यात परसातली वरची माती कोरडी झाली की जुन्या खड्ड्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. नवा पाइप खोल, तिथली ओल टिकते, त्यामुळं तो फारसा बदलत नाही. मग गळका करंट सोपी वाट धरतो: कॉम्प्युटरमधून, सिग्नलच्या जाळीतून, अॅम्प्लिफायरमधून नव्या खड्ड्याकडं. पाऊस पडला, जुना खड्डा भिजला, की बराचसा करंट पुन्हा जुन्या वाटेनं जातो. आमच्या घूंचं ऋतुमान असं होतं.

आकडे छोटे आहेत, पण पुरेसे आहेत. उद्यमबागेतल्या कारखान्यांची कामं करणारा एक परवानाधारक ठेकेदार अर्थ टेस्टर घेऊन आला, तेव्हा मे महिना होता. दोन्ही खड्डे वेगळे करून मोजले, तर रेझिस्टन्स जुन्याचा ३८ ओहम आणि नव्याचा १५. सिग्नलची वायर काढून दोन पॉइंटच्या अर्थ पिनांमध्ये मीटर लावला तर २.३ व्होल्ट. वायर जोडल्यावर जाळीतून चाळीसेक मिलिअॅम्पिअर वाहणार हे यातून निघतं. जाळी आणि दोन टोकांच्या पिना मिळून रेझिस्टन्स ०.१ ओहम धरला तरी तिथं ४ मिलिव्होल्ट तयार होतात. सिग्नल जास्तीत जास्त दोनेक व्होल्टचा असतो. त्याच्या पाचशेव्या हिश्शाची ही घूं प्रत्येक स्वराच्या मागं बसलेली. शांत खोलीत, शांत गाण्यात ती ऐकू येणारच.

यात घूंपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच निघाली, आणि ती सांगण्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसलो. जुनं अर्थिंग चांगलं आहे असं आम्ही समजत होतो, कारण फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावला की तो लख्ख पेटायचा. शंभराचा बल्ब घेतो अर्धा अॅम्पिअरसुद्धा नाही. ३८ ओहमच्या खड्ड्यातही तो जवळजवळ पूर्ण पेटतो. पण उद्या फ्रिजच्या किंवा इस्त्रीच्या बॉडीला फेज लागला, तर २३० भागिले ३८, म्हणजे सहाच अॅम्पिअर वाहतील. १६ अॅम्पिअरचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) त्याला पडणारच नाही. बॉडी तशीच जिवंत राहील. बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं, हा समज कृपा करून सोडा. या ठिकाणी माणूस वाचवतो तो ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडं गळाला की वीज तोडणारा स्विच, आणि तो आमच्याकडं नव्हता. तुमच्या डीबीत, म्हणजे मेन स्विचच्या पेटीत, नसेल तर ऑडिओ राहू द्या बाजूला, आधी तो बसवा.

आम्ही बसवला आणि अर्ध्या तासात तो पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. धाकट्या भावाच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की हे होतं. ठेकेदारानं गळती मोजायचा क्लॅम्प मीटर फ्रिजच्या अर्थ वायरीला लावला: साठेक मिलिअॅम्पिअर. कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन गेलेलं. मग आप्पांना आठवलं, घूं मध्येच चढायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी उतरायची, ते त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं होतं. आम्ही व्होल्टेज वर-खाली होतंय म्हणून सोडून दिलं होतं. त्यांचा कान बरोबर होता. आरसीसीबी पडतोय म्हणून तो काढून टाका असं सांगणारे भेटतील; त्यांचं ऐकू नका. तो पडतोय म्हणजे घरात कुठंतरी खरोखर गळतंय.

दुरुस्ती काय केली

दोन्ही खड्डे जाड जीआय पट्टीनं जोडून एकाच अर्थ बारला आणले. खड्डे दोन असोत की चार, घरातलं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं असलंच पाहिजे. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्येही हाच भर आहे. याचं दुसरं कारण वळीव. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं संध्याकाळी जो कडकडाट होतो, त्यात जवळ कुठं वीज पडली तर न जोडलेल्या दोन खड्ड्यांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. तो फरक मग तुमच्या सिग्नलच्या वायरीतूनच फुटतो. वेगळं अर्थिंग करून ज्यांनी महागडी यंत्रं जोडलीत त्यांनी हे आजच तपासावं.

जुन्या खड्ड्यातलं मीठ वर्षानुवर्षांच्या पावसानं धुऊन गेलं होतं आणि पाइप गंजून पातळ झाला होता. तो बदलला, खोल नेला, आणि या वेळी मिठाऐवजी बेंटोनाइटची (ओल धरणाऱ्या मातीची) तयार पावडर भरली. जागाही हलवली, न्हाणीच्या पाण्याची वाट जाते तिच्या जवळ, म्हणजे माती वर्षभर ओली राहते. खानापूरकडच्या मंडळींसाठी मुद्दाम सांगतो: खाली जांभा असेल तर उन्हाळ्यात तो पार कोरडा होतो. पाइपच्या तोंडाला गाळणी ठेवून घ्या आणि होळीपासून मृगापर्यंत आठवड्याला एक घागर पाणी सोडा. काळ्या मातीत ओल बरी टिकते, पण ती सुकली की भेगा पडून पाइपपासून सुटते, तेव्हा पाणी तिथंही लागतंच.

त्यानंतर पॉइंट. ते नवे टाकले, पण या वेळी वेगळ्या पद्धतीनं. डीबीतून एकच वेगळी लाइन काढली: २.५ चौरस मिलिमीटरच्या तीन तांब्याच्या वायरी, म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिघी शेवटपर्यंत सोबत. तिला १६ अॅम्पिअरचा सी कर्व्हचा एमसीबी. बी कर्व्ह लावू नका; मोठ्या टोरॉइडल (कड्यासारख्या गोल) ट्रान्सफॉर्मरचा अॅम्प्लिफायर सुरू होताना क्षणभर जोराचा करंट ओढतो आणि बी कर्व्ह उगाच पडत राहतो. ही लाइन अॅम्प्लिफायरच्या भिंतीला आणली आणि तिथं एकाच पेटीत पाच सॉकेट बसवले. दूरच्या कोपऱ्यातल्या सबवूफरचा एक सॉकेटही याच लाइनवरून पुढं नेला. कॉम्प्युटर आणि टीव्ही जुन्या बोर्डावरून काढून याच लाइनवर आणले. नवा पॉइंट कुठं बसवला यापेक्षा त्याची वायर कुठून निघाली हे महत्त्वाचं. दोन सॉकेट एकाच भिंतीवर वीतभर अंतरावर असतील आणि त्यांच्या अर्थच्या वायरी घराच्या दोन टोकांना जात असतील, तर घूं येणारच.

जांभ्याच्या भिंतीला खाच मारायच्या फंदात आम्ही पडलो नाही. वरून केसिंग-कॅपिंगची पट्टी मारली. दिसायला कन्सील्डइतकं छान नाही, पण पुढं कधीही उघडता येतं. सिग्नलच्या आणि स्पीकरच्या वायरी विजेच्या पट्टीत घालू नका. वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

वायर किती जाड, यावर लोक फार बोलतात. आमची सगळी यंत्रणा पूर्ण आवाजात दोन अॅम्पिअरच्या आसपास घेते. बारा मीटरची लाइन, जायची-यायची चोवीस मीटर वायर, २.५ च्या वायरीत तिचा रेझिस्टन्स ०.१८ ओहम. म्हणजे अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी घट. चार किंवा सहाची वायर टाकून आवाज सुधारेल या आशेनं पैसे घालवू नका. तेच पैसे अर्थिंगला द्या. सॉकेट मात्र चांगल्या कंपनीचे, पिन घट्ट धरणारे घ्या. सैल सॉकेटमध्ये बारीक ठिणग्या होतात आणि त्या स्पीकरमध्ये ‘कट्‌ कट्‌’ अशा ऐकू येतात.

हे सगळं मेन बंद करून, परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. आपण आपलं ऐकायचं, मोजायचं आणि विचारायचं काम करावं.

दोन गोष्टी कधीही करू नका

प्लगची जाड, अर्थची पिन कापली की घूं जाते. खरंच जाते, म्हणूनच हा उपाय गावोगाव पसरलाय. पण त्या क्षणापासून अॅम्प्लिफायरच्या बॉडीचं रक्षण करणारं काही उरत नाही, आणि त्याचा दोष सिग्नलच्या वायरीतून कॉम्प्युटरपर्यंतही पोचू शकतो. घरात लहान मुलं असतात, गणपतीत ओल्या हातानं कुणी बटण दाबतं. पिन कापलेली असेल तर आज प्लग बदला.

दुसरी याहून वाईट, कारण ती दिसत नाही. अर्थची वायर ओढायचा कंटाळा म्हणून काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलला एक तुकडा जोडून अर्थच्या पिनला देतात. मीटरवर सगळं झकास दिसतं. पण मागं कुठं न्यूट्रल सुटला की त्या पॉइंटवरच्या प्रत्येक यंत्राच्या बॉडीवर फेज येतो. ओळखायचं असं: त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटला इस्त्री लावा आणि या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ मोजा. नीट वायरिंगमध्ये इस्त्री सुरू होताच व्होल्टेज थोडं वाढतं. लोड असताना आणि नसताना काटेकोर शून्यच राहिलं तर संशय घ्या आणि सॉकेट उघडून बघायला सांगा.

बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते लक्षण उलट आहे: त्या पॉइंटला अर्थच नाही. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळं बॉडी शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवते. करंट अगदी कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. तरी अर्थ नाही ही गोष्ट खरीच.

आवाज वेगळा असेल तर कारणही वेगळं. ‘घूं’ऐवजी ‘घर्र’ येत असेल आणि पंखा बंद केल्यावर जात असेल, तर तो गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे. पायरी-पायरीचा कपॅसिटरवाला घ्या. वीज गेल्यावरच येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हचा लागेल. इन्व्हर्टर असलेल्या घरात निपाणीच्या माझ्या आत्तेभावाची चूक टाळा: टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि अॅम्प्लिफायर मेनच्या, असं करू नका, दोन्ही एकीकडं ठेवा. आवाज स्पीकरमधून नाही, पेटीतून येतोय असं कान लावून कळलं, तर ट्रान्सफॉर्मरच थरथरतोय. त्याचा पॉइंटशी संबंध नाही. रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याची बारीक वेगळी अर्थ वायर अॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला लावलीय का बघा. आणि केबल टीव्हीची वायर काढल्यावर घूं जात असेल तर टीव्हीकडून ऑप्टिकल वायरनं आवाज घ्या. तिच्यातून उजेड जातो, करंट जाऊच शकत नाही.

आमच्याकडं हे काम होऊन दुसरा उन्हाळा गेला. गेल्या मे महिन्यात पुन्हा मोजलं, जोडलेल्या खड्ड्यांचं मिळून ८ ओहम. फ्रिजचा कॉम्प्रेसर बदललाय, आरसीसीबी तेव्हापासून एकदाच पडला, तोही माडीवरच्या बोर्डात पाल शिरली म्हणून. परवा आप्पांनी रात्री निर्गुणी भजन लावलं. तानपुरे सुरू झाले, मी मुद्दाम त्यांच्याकडं बघत होतो. त्यांनी डोळे उघडले नाहीत.